सीआरआरटीवरच्या रुग्णाचा आम्ल-आम्लारी समतोल : बायकार्बचा जमाखर्च कसा मांडावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की आयसीयूत एका ठरावीक तऱ्हेचे रुग्ण येऊ लागतात. जुना मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, दोन-तीन दिवसांचे उलट्या-जुलाब, लघवी बंद, खोल आणि जलद श्वास. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत) पीएच ७.०५, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) २२, बायकार्ब (आम्ल शमवणारे बायकार्बोनेट) ६, लॅक्टेट १४. रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दाब वाढवणाऱ्या औषधावर कसाबसा उभा. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून घोणस चावलेले आणि मूत्रपिंड बंद पडलेले रुग्ण येतात, तर वर्षभर सेप्सिसचे. साधे डायलिसिस या रुग्णांना सोसत नाही, म्हणून सीआरआरटी, म्हणजे चोवीस तास संथ चालणारे डायलिसिस, लागते. मशीन सुरू झाले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खरे काम मात्र तिथून पुढे असते.

मशीन रुग्णाला बायकार्ब देते आणि त्याच्याकडून काढूनही घेते. किती दिले, किती गेले आणि शरीरात किती आम्ल तयार होत आहे, हा जमाखर्च दर पाळीला मांडता आला पाहिजे. तो मांडला नाही, तर पहिल्या दिवशी अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणे) हटत नाही आणि तिसऱ्या दिवशी अल्कलोसिस (उलट, आम्लारी वाढणे) होतो. दोन्ही वेळा कारण शोधताना धांदल उडते. हा लेख आयसीयूतले डॉक्टर, परिचारिका आणि डायलिसिस तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच पाळा, आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे इथून समजून घ्या.

मशीन लावण्याआधी

एबीजीचा नमुना धमनीतूनच घ्या. सिरिंजमध्ये द्रव हेपारिन जास्त राहिले तर नमुना पातळ होतो आणि पीसीओटू, बायकार्ब व आयनाइज्ड (मोकळे) कॅल्शियम तिन्ही खोटे कमी दिसतात. हेपारिन फिरवून पूर्ण बाहेर काढा, हवेचा बुडबुडा लगेच काढा. एबीजी मशीन आयसीयूत नसेल आणि नमुना बाहेरच्या लॅबला जात असेल तर तो अर्ध्या तासाच्या आत लागलाच पाहिजे. उन्हात मोटरसायकलच्या डिकीतून गेलेल्या नमुन्यातल्या पेशी वाटेतच लॅक्टेट तयार करतात. तशा रिपोर्टवर मशीनचे आकडे बदलू नका.

रिपोर्ट आला की दोन गणिते करा. पहिले अ‍ॅनायन गॅपचे (न मोजलेली आम्ले किती हे दाखवणाऱ्या फरकाचे) : सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा, मग अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी असेल त्याच्या अडीच पट मिळवा. आयसीयूतल्या रुग्णाचे अल्ब्युमिन बहुधा २ च्या आसपास असते. म्हणजे वरकरणी १२ दिसणारा गॅप खरे तर १७ असतो. दुसरे गणित श्वासाचे : बायकार्बची दीडपट अधिक ८ इतका पीसीओटू अपेक्षित, दोन इकडे-तिकडे. वरच्या रुग्णात तो १७ हवा होता, आहे २२. हा माणूस श्वास घेऊन थकत चालला आहे, हे त्या पाचाच्या फरकातून कळते.

इथे जिवावर बेतणारी एक चूक होते. बायकार्ब ८ असलेल्या रुग्णाचा पीसीओटू २० असेल तर पीएच ७.२२ असतो. त्याला श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटरवर नेहमीचे सेटिंग लावले आणि पीसीओटू ४० झाला, तर तोच पीएच ६.९२ वर येतो आणि हृदय थांबू शकते. नळी टाकावी लागलीच, तर रुग्ण स्वतः जितका श्वास घेत होता तितके मिनिट व्हेंटिलेशन पहिल्या मिनिटापासून द्या. रेट ३० च्या पुढे न्यावा लागेल. श्वास पूर्ण बाहेर पडतो आहे ना, हे स्क्रीनवरच्या फ्लो-ग्राफमध्ये पाहा. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा एबीजी घ्या.

पीएच ७.२० किंवा त्याखाली असेल आणि मूत्रपिंडाला बरीच इजा झालेली असेल, तर मशीन तयार होईपर्यंत शिरेतून सोडिअम बायकार्ब देण्याला आधार आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायकार-आयसीयू या फ्रेंच चाचणीत ४.२ टक्क्यांचे द्रावण १२५ ते २५० मिली अर्ध्या तासात, दिवसाला कमाल एक लिटर, असे दिले होते. आपल्याकडे सहसा ७.५ टक्क्यांचे अ‍ॅम्प्यूल मिळते, त्यात मिलीला सुमारे ०.९ मिलिमोल बायकार्ब असते. त्याचे ७० मिली अधिक ५ टक्के डेक्स्ट्रोज ५५ मिली घेतले की ४.२ टक्क्यांचे १२५ मिली होतात, म्हणजे जवळपास ६२ मिलिमोल. हे सगळे बायकार्ब आम्लाशी जुळले तर सुमारे दीड लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अर्ध्या तासात तो बाहेर टाकण्याची ताकद फुफ्फुसात किंवा व्हेंटिलेटरमध्ये असली पाहिजे, नाहीतर पीएच उलट घसरतो. बायकार्ब आणि कॅल्शियम एकाच लाइनमधून कधीही देऊ नका, पांढरा गाळ बसतो. बायकार्ब दिल्यावर पोटॅशियम आणि आयनाइज्ड कॅल्शियम दोन्ही उतरतात, ते तासाभरात तपासा.

जमाखर्च

६० किलोचा रुग्ण धरू. डोस तासाला किलोमागे २५ मिली, म्हणजे एफ्लुअंट (फिल्टरमधून बाहेर पडणारा द्रव) १५०० मिली. बाजारातल्या बहुतेक बायकार्ब पिशव्यांत लिटरला ३२ मिलिमोल बायकार्ब आणि सोबत ३ मिलिमोल लॅक्टेट असते. सीआरआरटीच्या संथ प्रवाहात फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या द्रवातले बायकार्ब जवळजवळ रुग्णाच्या रक्ताइतकेच असते. म्हणून हिशेब सोपा आहे :

तासाची निव्वळ जमा = (पिशवीतले बायकार्ब − रुग्णाचे बायकार्ब) × तासाचे लिटर

रुग्णाचे बायकार्ब १० असताना जमा होतात (३२ − १०) × १.५ = ३३ मिलिमोल. बायकार्ब शरीराच्या निम्म्या वजनात पसरते असे धरले तर ३० लिटर, म्हणजे तासाला जेमतेम १ ची वाढ. तीव्र अ‍ॅसिडोसिसमध्ये हे पसरण्याचे क्षेत्र आणखी मोठे असते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते. बायकार्ब २० ला पोचले की तासाची जमा १८ वर येते. म्हणजे सुरुवातीला चढ जलद, मग मंद, आणि शेवटी बायकार्ब पिशवीच्या आकड्याच्या जवळ जाऊन थांबते. त्याच पिशवीवर चौथ्या दिवशी ते ३० वर का गेले, याचे उत्तर याच सूत्रात आहे.

आता खर्चाची बाजू पाहू. निरोगी माणसात रोज किलोमागे साधारण १ मिलिमोल आम्ल तयार होते, म्हणजे या रुग्णात तासाला अडीच मिलिमोल. ते मशीन सहज पेलते. लॅक्टेटची गोष्ट वेगळी आहे. निरोगी शरीरातही रोज किलोमागे सुमारे २० मिलिमोल लॅक्टेट तयार होते, या रुग्णाच्या वजनाला तासाला ५०, आणि यकृत-मूत्रपिंड ते तिथल्या तिथे वापरून टाकतात. रक्तातले लॅक्टेट १४ असताना फिल्टर तासाला काढतो १४ × १.५ = २१ मिलिमोल. निरोगी माणसाच्या निर्मितीच्याही हे निम्म्याहून कमी आहे. त्यामुळे सीआरआरटीवर लॅक्टेट उतरू लागले तर श्रेय रक्ताभिसरण सुधारल्याचे आहे, आणि उतरत नसेल तर डोस वाढवत बसण्याऐवजी पोट, पाय, हृदय आणि जंतुसंसर्गाचे ठिकाण पुन्हा तपासा. डोसबाबत २००८ ची एटीएन आणि २००९ ची रीनल या दोन्ही मोठ्या चाचण्यांत जास्त डोसने जास्त जीव वाचले नाहीत.

मेटफॉर्मिनच्या रुग्णात एक अपवाद आहे. तिथे औषधच काढायचे असते. लॅक्टेट २० च्या पुढे, पीएच ७.० किंवा खाली, किंवा नेहमीचे उपचार फसले, तर डायलिसिस करावेच. रुग्ण सोसत असेल तर साधे हिमोडायलिसिस सीआरआरटीपेक्षा औषध जलद काढते. रक्तदाब नसेल तर सीआरआरटी किंवा स्लेड (काही तास चालणारे संथ डायलिसिस). मिथेनॉलची विषारी दारू प्यायलेल्या रुग्णातही पहिली पसंती साध्या हिमोडायलिसिसलाच.

पिशवी, मोड आणि प्रत्यक्ष डोस

शॉक किंवा यकृत निकामी असेल तर बायकार्बचीच पिशवी वापरा. लॅक्टेटवर आधारलेले द्रव, त्यात पेरिटोनियल डायलिसिसच्या पिशव्याही आल्या, शरीराने लॅक्टेट वापरले तरच बायकार्ब देतात, आणि या रुग्णात नेमकी तीच ताकद संपलेली असते.

दोन कप्प्यांच्या पिशवीत मधली सील तोडून दोन्ही भाग मिसळावे लागतात. साध्या वाटणाऱ्या या पायरीवर चूक झाली तर ती रुग्णाच्या रक्तात दिसते : लहान कप्प्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पोचतच नाही आणि रुग्णाला नुसते बायकार्ब-सोडियमचे द्रावण मिळते. सील तोडा, पिशवी दोन्ही हातांनी दाबून मिसळा, द्रव स्वच्छ आहे का पाहा, मिसळल्याची वेळ पिशवीवर लिहा आणि २४ तासांत संपवा. गढूळ दिसली तर फेकून द्या. पिशव्यांचा साठा लेबलवरच्या तापमानातच हवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअररूममध्ये तो राहत नाही, एसी असलेल्या खोलीतच ठेवा.

सीव्हीव्हीएचडी, सीव्हीव्हीएच किंवा सीव्हीव्हीएचडीएफ या सीआरआरटीच्या तीन पद्धती (अनुक्रमे डायलिसेटने म्हणजे फिल्टरच्या पडद्यापलीकडून वाहणाऱ्या द्रवाने, गाळून, आणि दोन्हींनी रक्त शुद्ध करणाऱ्या), आम्ल-आम्लारीच्या दृष्टीने तिन्हींत फारसा फरक नाही. एकच लक्षात ठेवा : रिप्लेसमेंट द्रव (गाळून गेलेल्याच्या बदल्यात रक्तात सोडलेला) फिल्टरच्या आधी दिला तर रक्त पातळ होऊन फिल्टर टिकतो, पण त्याच आकड्याला परिणाम काहीसा कमी मिळतो.

लिहिलेला डोस आणि मिळालेला डोस यांत दरी असते, आणि खान्देशात ती जास्त पडते. सीटी स्कॅनला नेले, फिल्टर गोठला, वीज गेली, जनरेटरवर जाताना मशीन थांबले, अशाने २४ पैकी १८ तासच मशीन चालले तर २५ चा डोस पावणेएकोणीस होतो. म्हणून लिहिताना २५ ते ३० लिहा, म्हणजे २० ते २५ प्रत्यक्ष पोचतो. मशीन यूपीएसवरच ठेवा. वीज गेल्यावर तुमच्या मॉडेलचा रक्तपंप किती मिनिटे चालतो हे मॅन्युअलमधून पाहून मशीनवर चिकटवा. हाताने रक्त परत द्यायची पद्धत पाळीतल्या प्रत्येकाला आलीच पाहिजे.

पोटॅशियम ६.५ असेल तर शून्य पोटॅशियमची पिशवी ठीक, पण अ‍ॅसिडोसिस सुधारताना पोटॅशियम पेशींत शिरते आणि तीच पिशवी चालू राहिली तर आठ-दहा तासांत ते ३ च्या खाली जाऊ शकते. ५ च्या खाली आले की ४ मिलिमोलच्या पिशवीवर या. सोडियमकडेही पाहा. १२० च्या खालचे जुने सोडियम असेल तर १४० ची पिशवी त्याला वेगाने वर ओढते, आणि २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ मेंदूला घातक ठरू शकते. अशा वेळी ५ लिटरच्या पिशवीत २५० मिली निर्जंतुक पाणी घातले की सोडियम सुमारे १३३ होते. बायकार्बही मग ३२ वरून साडेतीसवर येते, ते हिशेबात धरा. हे मिश्रण दोघांनी मिळून, मोठ्याने वाचून करायचे काम आहे, आणि पिशवीवर ठळक लेबल हवे.

पहिले २४ तास

पीएच लगेच ७.४० करण्याची घाई नको. पहिल्या काही तासांत ७.२० च्या वर आणि बारा ते चोवीस तासांत ७.३० च्या वर, एवढे पुरते. एबीजी सुरुवातीला, मग एक ते दोन तासांनी, मग दर ४ ते ६ तासांनी. सोडियम-पोटॅशियम दर ६ तासांनी, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज किमान एकदा. फॉस्फेटला लोक विसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते १ मिग्रॅच्या आसपास येते, श्वासाचे स्नायू दुबळे होतात आणि एरवी बरा झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटत नाही. बहुतेक पिशव्यांत फॉस्फेट नसते, ते वेगळे द्यावे लागते.

शिफ्टच्या चार्टवर एक ओळ वाढवा : पिशवीतले बायकार्ब, रुग्णाचे बायकार्ब, गेल्या ६ तासांत मशीन प्रत्यक्ष किती तास चालले, आणि त्यावरून काढलेली जमा. बायकार्ब अपेक्षेइतके वाढले का, हे त्या एका ओळीवरून कळते. अपेक्षा आणि आकडा यांत फरक पडला की पुढचा भाग उघडा.

बायकार्ब वाढतच नाही तेव्हा

आधी मशीन तपासा, मग रुग्ण. मशीन खरेच चालले किती तास? कॅथेटरची दोन तोंडे उलटी जोडली आहेत का? उलट जोडणीत स्वच्छ झालेले रक्तच पुन्हा फिल्टरमध्ये येते. पिशवी मिसळली होती का? फिल्टर थकला का, हे एफ्लुअंटमधला युरिया आणि रक्तातला युरिया यांच्या गुणोत्तरावरून कळते : ते ०.८ च्या खाली आले तर फिल्टर बदला, गोठेपर्यंत वाट पाहू नका. फिल्टर ७२ तासांपुढे ओढणे हीसुद्धा काटकसर नव्हे.

मशीन बरोबर असेल तर आम्ल आत तयार होत आहे. लॅक्टेट वाढत असेल तर आतड्याचा रक्तपुरवठा, पाय ताठरलेला कंपार्टमेंट सिंड्रोम, न काढलेला पू यांचा शोध घ्या. उष्माघातात किंवा स्नायू विरघळलेल्या रुग्णात आम्ल, पोटॅशियम आणि फॉस्फेट तिन्हींचा लोंढा चालू असतो, तिथे पहिला दिवस डोस थोडा वरचा ठेवावा लागतो. या रुग्णात कॅल्शियम कमी दिसले तरी झटके किंवा ईसीजीत बदल नसतील तर भरून काढू नका, बरे होताना ते स्वतः परतते आणि मग जास्त होते.

लॅक्टेट साधारण, गॅप मोठा, तर कीटोन पाहा. लघवी नसल्याने पट्टी लघवीत बुडवता येत नाही, रक्तातलेच कीटोन मोजा. साखर नसलेल्या पिशव्या आणि तीन-चार दिवस पोटात काही नाही, अशा रुग्णात साखर साधारण असूनही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो. उपाय म्हणजे नळीतून आहार किंवा डेक्स्ट्रोज, गरजेनुसार इन्सुलिनसह.

गॅप साधारण आणि क्लोराइड वर, तर सलाईनच्या बाटल्या मोजा. ०.९ टक्के सलाईनमध्ये क्लोराइड १५४ असते. प्रत्येक अँटिबायोटिक १०० मिली सलाईनमध्ये, लाइन फ्लश सलाईनने, फिल्टर फ्लशही सलाईनने, असे दिवसाचे दीड-दोन लिटर नकळत जातात. फिल्टर टिकवण्यासाठी वारंवार सलाईन फ्लश करण्याचा फायदा तसाही सिद्ध झालेला नाही. चालू जुलाबांतूनही बायकार्ब जाते, आणि खर्चाच्या बाजूला ते कोणी लिहीत नाही.

सायट्रेट वापरत असाल तर

घोणस चावलेल्या, रक्त न गोठणाऱ्या रुग्णात हेपारिन नकोच, बहुधा गोठणरोधकाशिवायही मशीन चालते. इतरांमध्ये सायट्रेट हे गोठणरोधक फिल्टर चांगला टिकवते, पण ते स्वतःच बफर (आम्ल शमवणारे) आहे, आणि सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

सायट्रेट फिल्टरमध्ये कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तिथे रक्त गोठत नाही; गेलेले कॅल्शियम रुग्णाला वेगळ्या इन्फ्युजनने परत द्यावे लागते. एसीडी-ए (सायट्रिक आम्ल, सोडियम सायट्रेट आणि डेक्स्ट्रोजचे) द्रावण वापरत असाल तर वेग ठरवण्याचा ठोकताळा असा : रक्ताचा वेग मिली/मिनिट गुणिले दीड, म्हणजे मिली/तास. रक्त १२० असेल तर १८० मिली/तास, त्यातून रक्तात लिटरला सुमारे ३ मिलिमोल सायट्रेट येते. फिल्टरनंतरचे आयनाइज्ड कॅल्शियम ०.२५ ते ०.३५ हवे, रुग्णाचे १.० ते १.२. फिल्टरनंतरचा नमुना परतीच्या निळ्या पोर्टमधून, रुग्णाचा नमुना धमनीतून. रुग्णाचे कॅल्शियम ०.३ आले तर कॅल्शियमची सिरिंज उचलण्याआधी नमुने अदलाबदल झाले का ते विचारा.

बफरचा हिशेब करताना एक बारकावा चुकतो. एक सायट्रेट म्हणजे तीन बायकार्ब, असे सगळीकडे शिकवतात. ते ट्रायसोडियम सायट्रेटला लागू आहे. एसीडी-एमध्ये एक तृतीयांश सायट्रिक आम्ल असते, त्याचे निव्वळ बायकार्ब शून्य. म्हणून एसीडी-एच्या लिटरमागे सोडियमइतकेच, म्हणजे २२४ मिलिमोल बायकार्ब धरा. ४ टक्के ट्रायसोडियम सायट्रेटच्या लिटरमागे ४०८. द्रावण बदलले आणि प्रोटोकॉल तोच ठेवला तर बफर कुठल्या कुठे जाते.

१८० मिली/तास एसीडी-ए म्हणजे तासाला ४० मिलिमोल बायकार्बची क्षमता. दीड लिटर एफ्लुअंटवर त्यातला साधारण तिसरा हिस्सा फिल्टरमधूनच निघून जातो, उरलेले पंचवीस-सत्तावीस रुग्णाच्या यकृतात आणि स्नायूंत बायकार्ब होतात. हा अंदाज आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा. यावर ३२ ची पिशवी लावली तर दीड-दोन दिवसांत अल्कलोसिस जवळपास ठरलेलाच. सायट्रेटसोबत बायकार्ब २२ च्या आसपास असलेली, कॅल्शियम नसलेली पिशवी हवी. ती मिळतच नसेल आणि कॅल्शियमवाली पिशवी वापरावी लागली तर ती फिल्टरनंतर रिप्लेसमेंट म्हणून द्या, आणि वाढीव बफर हिशेबात धरा.

सायट्रेटवरचे बिघाड तीन तऱ्हेचे, आणि ते ओळखण्याची किल्ली म्हणजे एकूण कॅल्शियम भागिले आयनाइज्ड कॅल्शियम, दोन्ही मिलिमोलमध्ये. लॅब एकूण कॅल्शियम मिग्रॅमध्ये देते, त्याला ४ ने भागा. एकूण १०.८ मिग्रॅ म्हणजे २.७, आयनाइज्ड ०.९५, गुणोत्तर २.८. हे २.५ च्या वर गेले, कॅल्शियमची गरज वाढत चालली आणि गॅपसह अ‍ॅसिडोसिस वाढला, तर सायट्रेट साचते आहे, यकृत ते जाळत नाही. रक्ताचा वेग आणि सायट्रेट दोन्ही कमी करा, डायलिसेट वाढवा, आणि आकडे बिघडतच राहिले तर सायट्रेट बंद करा. यकृत निकामी किंवा चढते लॅक्टेट असलेल्या रुग्णात हे गुणोत्तर दर ४ ते ६ तासांनी काढा, बाकीच्यांत रोज एक-दोनदा.

कॅल्शियमचे गुणोत्तर साधारण पण अल्कलोसिस, तर सायट्रेट नीट जळते आहे आणि बफर जास्त होते आहे. डायलिसेट तासाला ५०० मिलीने वाढवा, किंवा रक्ताचा वेग व त्यासोबत सायट्रेट वीस टक्क्यांनी उतरवा. नवख्याला हे उलटे वाटते, कारण हेपारिनवर डोस वाढवला की बायकार्ब वाढते. सायट्रेटवर डोस वाढला की फिल्टरमधून सायट्रेट जास्त निघून जाते, म्हणून बायकार्ब उतरते. थकलेला फिल्टरही हेच अल्कलोसिसचे चित्र उभे करतो, म्हणून युरियाचे गुणोत्तर आधी पाहा. कॅल्शियमचे गुणोत्तर साधारण आणि अ‍ॅसिडोसिस, तर बफर कमी पडते : डायलिसेट कमी करा किंवा रक्त आणि सायट्रेट सोबतीने वाढवा.

सर्किट थांबले की कॅल्शियमचे इन्फ्युजन त्याच मिनिटाला थांबले पाहिजे. दोन पंप वेगळे असतील तर कॅल्शियमच्या पंपावर लाल पट्टीने हे लिहा.

अल्कलोसिस, आणि मशीन काढताना

हेपारिनवर किंवा गोठणरोधकाशिवाय चाललेल्या मशीनवर बायकार्ब २८-३० च्या पुढे गेले की हात आखडता घ्या. अल्कलोसिसमध्ये आयनाइज्ड कॅल्शियम उतरते, लय बिघडते, श्वासाची प्रेरणा मंदावते आणि व्हेंटिलेटर सोडवणे लांबते. कमी बायकार्बची पिशवी असेल तर ती लावा. नसेल तर दीड लिटरपैकी अर्धा लिटर ०.९ टक्के सलाईनवर फिल्टरनंतर चालवा : एकूण द्रवातले बायकार्ब ३२ वरून सुमारे २१ होते. सलाईनमध्ये पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम नाही, त्यामुळे तीनही सहा तासांनी तपासा. बायकार्ब २४-२५ ला आले की परत फिरा. सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुन्या आजाराच्या) रुग्णाचे घरचे बायकार्ब ३४ असू शकते, जुने रिपोर्ट मागवा आणि त्याला ओढून २४ वर आणू नका.

नंदुरबार, शहादा, चोपडा अशा ठिकाणी सीआरआरटीचा खर्च घरच्यांना झेपत नाही आणि स्लेडच होते. तिथे वेगाचा फरक लक्षात ठेवा : डायलिसेट मिनिटाला २०० मिली म्हणजे तासाला १२ लिटर, आपल्या सीआरआरटीच्या आठ पट. बायकार्ब आठ तासांच्या सत्रात झपाट्याने चढते, म्हणून मशीनवर ते २८-३० ला ठेवा, पोटॅशियम दोन तासांनी पाहा, आणि दोन सत्रांमध्ये अ‍ॅसिडोसिस पुन्हा येणार हे गृहीत धरून सत्र संपल्यावर सहा तासांनी एबीजी घ्या.

मशीन काढायचा निर्णय घेताना चांगला पीएच पाहून फसू नका, तो मशीनचा असू शकतो. लघवी औषधाशिवाय दिवसाला ४०० मिलीच्या पुढे जात असेल आणि लॅक्टेट खाली असेल तर थांबवून पाहा. सायट्रेट बंद झाल्याने बफरही बंद होते, म्हणून पहिला एबीजी ६ तासांनी, दुसरा १२ आणि तिसरा २४ तासांनी घ्या. कॅथेटर दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टनंतरच काढा. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या घरच्यांना हे आदल्या दिवशीच त्यांच्या भाषेत सांगणारे कोणीतरी सोबत घ्या : मशीन थांबवले आहे, काढलेले नाही, उद्याच्या तपासणीवर ठरेल.